गव्हाच्या पोत्याबरोबर आलेली अट

माझ्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, उभ्या आयुष्यात अमेरिकेचे नाव दोनच कारणांनी घेतले. एक रेशनच्या दुकानातला गहू आणि दुसरी लूप. गहू लाल, त्याची पोळी चिवट, आणि दुसऱ्या दिवशी ती गाईपुढे टाकली तर गाईनेही तोंड फिरवावे, असे ती रंगवून सांगे. लूपबद्दल मात्र ती अवाक्षर काढीत नसे. ती गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, २००७ साली, माझ्या पहिल्या बाळंतपणात शेक-शेगडी चालू असताना. बाळंतिणीच्या खोलीत बायका एकमेकींना जे सांगतात, ते एरवी माजघरातही सांगत नाहीत, हे अनुभवी भगिनींना मी काय सांगावे!

साल १९६६. आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टपालखात्यात कारकून होते. आजीला तेव्हा चार मुले होती आणि पाचवे नको, हे तिच्या मनाने घेतले होते. गावात एके दिवशी मंडप पडला, कर्णा लागला, आणि शेजारच्या तिघीचौघींबरोबर आजीही गेली. तिथे तिला कोणी नीट तपासले नाही. बसवल्यावर काय त्रास होऊ शकतो हे सांगितले नाही. झालाच तर कोणाकडे यावे, तेही नाही. पुढे पाळीच्या दिवसांत तिला इतके जाऊ लागले की भरली घागर उचलवेना. ती परत गेली तेव्हा मंडप उठला होता आणि मंडपातली माणसे दुसऱ्या गावी गेली होती. अखेर एका ओळखीच्या सुईणीकडून तिने ती गुपचूप काढून घेतली. आजोबांनाही सांगितले नाही. १९६८ साली माझी धाकटी मावशी जन्मली आणि त्या बाळंतपणात आजी मरता मरता वाचली.

मी म्हटले, "आजी, हे काय बसवताय, असं तू विचारलं नाहीस त्यांना?"

"अगं, त्यांनी मला विचारलं नाही आणि मी त्यांना विचारलं नाही. गहू आला तशी तीही आली. एकाच बोटीनं आली असेल!"

त्या वेळी मी हसले. पुढे वाचनाच्या ओघात कळले की आजीचा तर्क अगदीच वावगा नव्हता. बोट एक नसेल, पण धोरण एक होते.

१९६५ साली आपल्याकडे पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षीही दिला. 'पी. एल. ४८०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली येणाऱ्या अमेरिकी गव्हावर देशाची चूल पेटत होती. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद केले आणि गहू थोडा थोडा, हात आखडून सोडायला सुरुवात केली. तुमचे शेतीचे धोरण बदला, हा त्यांचा एक आग्रह होता. लोकसंख्येला आळा घाला, हा दुसरा. १९६५ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला होता. लोकसंख्या रोखण्यावर खर्चलेले पाच डॉलर हे आर्थिक वाढीवर खर्चलेल्या शंभर डॉलरांच्या तोडीचे आहेत, असा तो हिशेब! १९६६ च्या अमेरिकी अन्नमदत कायद्यात तर मदत देताना त्या देशाने लोकसंख्यावाढीबाबत काय प्रयत्न केले ते पाहावे, असे लिहूनच ठेवले. आणि १९६७ साली तिथल्या संसदेने परदेशांतील लोकसंख्याविषयक कामासाठी साडेतीन कोटी डॉलर बाजूला काढले.

लूपही अमेरिकेतलीच. बफेलो शहरातील डॉ. जॅक लिप्स यांनी बनवलेली ही प्लॅस्टिकची वेटोळी १९६५ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात आली आणि लाखो स्त्रियांना बसवली गेली. साधन मुळात वाईट नव्हते; पुढे आलेली तांबी ही त्याच घराण्यातली, आणि ती आजही अनेकींच्या सोयीची आहे. पण आधी तपासणी आणि मागाहून विचारपूस हवी असते, ती बहुतेक ठिकाणी झाली नाही. आकडा भरला की काम झाले! रक्तस्राव झालेल्या बायका घरोघरी बोलू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत लूपवरचा विश्वास उडाला. माझ्या आजीसारख्या किती जणींनी ती गुपचूप काढून घेतली असेल, कोण जाणे.

सगळा दोष अमेरिकेच्या माथी मारून मोकळे व्हावे, असे मात्र मला वाटत नाही. १९५२ साली कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारणारा जगातला पहिला देश आपला. हे आपण आपल्या बुद्धीने केले. आणि त्याही आधीची आपली परंपरा मोठी मानाची आहे. मराठीची अध्यापिका म्हणून मला तिचा विसर पडणे शक्य नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच साली. कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९५३ साली देह ठेवीपर्यंत, खटले आणि दंड सोसून, पदरमोड करून चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात आणि खेड्यापाड्यांत हेच काम स्वतःच्या पायांनी हिंडून केले.

या मंडळींच्या कामात आणि १९६६ च्या मंडपात एक फरक होता. कर्व्यांकडे बाई येई ती आपली अडचण घेऊन. तिला शरीराची माहिती मिळे, साधने समजावून दिली जात, आणि ठरवायचे ते ती ठरवी. आकडा भरून घेण्याची घाई कोणाला नव्हती, कारण आकडा मागणारा कोणी धनी नव्हता. आणीबाणीत ही घाई कोणत्या थराला गेली, ते वडीलधाऱ्या वाचकांना ठाऊकच आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ती सक्ती आपल्याच सरकारची होती. त्यानंतर कित्येक वर्षे 'कुटुंबनियोजन' हा शब्द उच्चारायला पुढारी कचरत.

इथवरची गोष्ट पैसा देणाऱ्याने 'अधिक करा' म्हटल्याची. आता त्याच दात्याने 'गप्प बसा' म्हटल्याची गोष्ट ऐका.

१९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईत एक जागतिक परिषद भरली आणि तिच्यात आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाचा जन्म झाला. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आणि आपल्या धन्वंती रामा राव या दोघी त्याच्या पहिल्या अध्यक्षा. मुंबईत जन्मलेल्या या संस्थेच्या शाखा पुढे जगभर पसरल्या आणि अमेरिकी सरकारही तिला भरघोस पैसा देऊ लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटी येथे लोकसंख्याविषयक परिषद भरली, तेव्हा रेगन सरकारने एक नवा नियम जाहीर केला. त्याला 'मेक्सिको सिटी धोरण' म्हणतात. विरोधकांनी त्याचे नाव ठेवले 'ग्लोबल गॅग रूल', म्हणजे जगभराची तोंडबंदी.

हा नियम नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ सुशिक्षितांचाही गैरसमज आहे. अमेरिकेचा पैसा परदेशात कुटुंबनियोजनाचा मार्ग म्हणून गर्भपातासाठी वापरायचा नाही, हा कायदा १९७३ सालीच झाला होता. १९८४ च्या नियमाने त्यापुढचे पाऊल टाकले. जी परदेशी संस्था कुटुंबनियोजनासाठी अमेरिकेचा पैसा घेईल, तिने दुसरीकडून मिळवलेल्या पैशानेही गर्भपात करायचा नाही, त्याविषयी सल्ला द्यायचा नाही, अन्य दवाखान्याचे नाव सुचवायचे नाही, आणि आपल्या देशातला कायदा सैल व्हावा म्हणून प्रयत्नही करायचा नाही. बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार आणि जिवाचा धोका एवढे अपवाद.

दिवाळीचे दिवस आहेत म्हणून घरगुती दाखला देते. शेजारणीने वाटीभर साखर दिली आणि म्हणाली, 'माझ्या साखरेचे लाडू करू नका हो.' ठीक आहे, साखर तिची. पण ती पुढे म्हणाली, 'तुमच्या स्वतःच्या साखरेचेही करू नका, समोरच्या घरी मिळतात असे कोणाला सांगू नका, आणि लाडवांचा विषय घरात काढू नका,' तर? आपण वाटी परत करू. पण घरात लेकरू उपाशी असेल तर परत करणे सोपे नसते. दाखला हलका आहे. विषय हलका नाही. आणि अमेरिकेतल्या संस्थेला मात्र तिच्या सरकारने ही अट घातली नाही, कारण तिथल्या राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिले आहे. ते स्वातंत्र्य समुद्र ओलांडताना कुठे बुडाले?

मुंबईत जन्मलेल्या महासंघाने अट नाकारली आणि अमेरिकेचा पैसा गमावला. तेव्हापासून हा नियम वॉशिंग्टनमधल्या सत्तेबरोबर लंबकासारखा हलतो आहे. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी तो काढला, २००१ मध्ये धाकट्या बुशनी आणला. २००९ मध्ये ओबामांनी काढला, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी आणला. २०२१ मध्ये बायडेन यांनी काढला आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी पुन्हा आणला. २०१७ साली त्याची व्याप्तीही वाढली. आधी सुमारे ६० कोटी डॉलरांच्या मदतीला लागू असलेली अट क्षयरोग, मलेरिया, एड्स धरून सुमारे ८८० कोटी डॉलरांच्या आरोग्यमदतीला लागू झाली.

हे सारे आकडे बाजूला ठेवून आपण शेजारच्या नेपाळात जाऊ. तिथे २००२ पर्यंत गर्भपात हा सरसकट गुन्हा होता. त्यासाठी स्त्रिया तुरुंगात खितपत होत्या. काहींना तर भ्रूणहत्येचा नव्हे, बालहत्येचा गुन्हा लावलेला. अंगठेबहाद्दर, गरीब, कित्येकदा नवऱ्याने नाहीतर सासरच्यांनीच तक्रार केलेल्या. दवाखान्यात अर्धवट अवस्थेत येऊन मरणाऱ्या वेगळ्याच. हा कायदा बदलावा म्हणून तिथे चळवळ चालू होती, आणि १९५९ साली स्थापन झालेली नेपाळची कुटुंबनियोजन संघटना तिच्यात सामील होती. २००१ साली बुश सरकारचा नियम आला आणि संघटनेपुढे पेच पडला. सही करावी, तर गोळ्या, साधने आणि खेड्यांतल्या दवाखान्यांचा पैसा चालू राहील. पण तुरुंगातल्या बायांविषयी बोलायचे नाही. सही न करावी, तर बोलता येईल. पण खेड्यातल्या बाईला गोळ्या कुठून द्यायच्या?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. संघटनेने सही केली नाही. तिच्या प्रमुखांनी त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जाऊन ही कहाणी सांगितली. पैसा गेला. २००२ साली कायदा बदलला आणि २००४ पासून सरकारी रुग्णालयांत सुरक्षित सेवा मिळू लागली. १९९६ च्या पाहणीत नेपाळात एक लाख जन्मांमागे ५३९ माता दगावत होत्या. २००६ च्या पाहणीत तो आकडा २८१ आला. हे सगळे श्रेय एका कायद्याचे नव्हे. साधने, सुईणींचे शिक्षण, रस्ते, मुलींच्या शाळा या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण त्या वर्षी ती संस्था गप्प बसली असती, तर चळवळीतला एक जाणता आवाज कमी झाला असता.

सगळ्यांनाच ते जमले नाही. केनियातल्या कुटुंबनियोजन संघटनेनेही सही नाकारली, आणि तिला आपले काही दवाखाने बंद करावे लागले. त्यांतला एक नैरोबीच्या मथारे या झोपडवस्तीतला. तिथे गर्भपात होत नव्हते. तिथे लहान मुलांना लस टोचत, गरोदर बाईला तपासत, गोळ्या देत. गरिबाच्या वस्तीत वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे दवाखाने नसतात. एकच खोली, एकच नर्सबाई, आणि दाराशी सगळ्या दुखण्यांची एकच रांग. तिला कुलूप लागले की रांगेतल्या सगळ्याच परत जातात.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. गर्भपात हे ज्यांना मनापासून पाप वाटते, अशी माणसे अमेरिकेत लक्षावधी आहेत. आपल्या कराचा पैसा त्या कामाला लागू नये, असे त्यांनी म्हणणे गैर नाही. आपल्याही घरांत अशी श्रद्धाळू माणसे आहेत आणि मी त्यांची टिंगल करणार नाही. पण त्यांच्या त्या म्हणण्याचा मान १९७३ च्या कायद्याने राखलाच होता. पुढच्या तोंडबंदीने काय साधले? २०१९ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतल्या २६ देशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या देशांची भिस्त अमेरिकी पैशावर अधिक होती, तिथे नियम लागू असलेल्या वर्षांत साधनांचा वापर सुमारे १४ टक्क्यांनी घटला आणि गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. नियम उठल्यावर हा फरक उलटला. ज्यांनी गर्भपात थांबावेत म्हणून नियम केला, त्यांच्याच नियमाने ते वाढले! यात न कळण्यासारखे काही नाही. गोळी मिळाली नाही की नको असलेले दिवस राहतात, आणि अडलेली बाई मग मिळेल त्या दारी जाते.

२०२५ साली तर याहून मोठा फेरा आला. केनेडींनी १९६१ साली स्थापन केलेली अमेरिकेची मदतसंस्था 'यूएसएड' त्या वर्षीच्या १ जुलैला बंद झाली आणि तिचे उरलेसुरले काम परराष्ट्रखात्याकडे गेले. त्याच सुमारास बातमी आली की गरीब देशांसाठी घेतलेली, सुमारे ९७ लाख डॉलर किमतीची संततिनियमनाची साधने बेल्जियममधल्या एका गोदामात पडून आहेत आणि ती जाळून टाकण्याचे अमेरिकेने ठरवले आहे. पैसे देऊन झालेले, माल चांगला, मागणारी दारात उभी, आणि मालकाच्या मनात तो जाळायचे! हे वाचून मला आजीचा १९६६ चा मंडप आठवला. मंडप घालतानाही तिला विचारले नव्हते आणि उठवतानाही नाही.

कोणी म्हणेल, बाई, हे आफ्रिकेचे आणि नेपाळचे. आपल्याला काय त्याचे? आपला कुटुंबकल्याण कार्यक्रम आज मुख्यतः आपल्याच तिजोरीतून चालतो, हे खरे. आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा; त्यामागे महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीचा विचार होता, कोणा परक्याचा नव्हे. १९९४ च्या कैरो परिषदेत १७९ देशांनी मान्य केले की आकड्यांच्या आधी बाईचे आरोग्य आणि तिची इच्छा. त्यानंतर १९९६ साली आपणही वरून लादलेली उद्दिष्टे कागदोपत्री रद्द केली. पण घरच्या तिजोरीची नजर तरी बाईकडे वळली आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रिया शेकडा ३७.९, आणि ज्यांच्या पतीची नसबंदी झाली अशा शेकडा ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची, हे डॉक्टर किती वर्षे सांगताहेत! तरी टेबलावर जाते ती बाईच. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग तो पारधी वॉशिंग्टनचा असो की घरातला.

मला मदतीचे वावडे नाही. गहू लाल होता, पण त्याने त्या दोन वर्षांत पोरे जगवली, हे आजीही कबूल करी. परदेशच्या पैशाने कितीतरी बायांना गोळी, तांबी, सुरक्षित बाळंतपण मिळाले आहे, आणि तो पैसा अचानक थांबतो तेव्हा त्याच बाया मरतात. माझे म्हणणे एवढेच की देणाऱ्याने हिशेब मागावा, चोख मागावा. पण समोर बसलेल्या बाईला नर्सने काय सांगावे आणि बाईने काय ठरवावे, हे पैशाच्या पिशवीला बांधून पाठवू नये. आकडा बांधला तर १९६६ चा मंडप होतो, आणि मौन बांधले तर मथारेचे कुलूप.

हा लेख लिहून झाला तेव्हा धाकटी मावशी घरी आली होती. आमच्या घरात लहानपणापासून तिला थट्टेने 'पी. एल. ४८०' म्हणतात, का, ते तिला ठाऊक नव्हते. तिने चष्मा चढवून सगळा लेख वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग चकलीचा डबा पुढे ओढीत म्हणाली, "का गं, आईला त्या लोकांनी नीट विचारलं असतं, सांभाळलं असतं, तर मी झालेच नसते ना?"

मला उत्तर सुचले नाही. मावशीवाचून आमचे घर ही कल्पनाही मला करवत नाही. आणि १९६८ च्या त्या रात्री आजी गेली असती, तर पाच लेकरांचे काय झाले असते, तीही करवत नाही.

माझा चेहरा पाहून मावशीच म्हणाली, "असू दे. पण विचारायला हवं होतं गं तिला."